कंपनीतल्या कर्मचाऱ्यांच्या अभिप्राय फॉर्ममध्ये किती प्रश्न असावेत?

तुम्ही लिहिलंय की कंपनी अडीचशे जणांची आहे, फॉर्म वर्षातून एकदा निघतो आणि साहेबांचं म्हणणं, 'काढतोच आहोत तर सगळंच विचारून घेऊ.' हे वाचून हसू आलं. नेमकं हेच म्हणत आम्ही एकदा ६४ प्रश्नांचा फॉर्म काढला होता.

मी चाकणला एका कारखान्यात एचआरमध्ये आहे. फॉर्म कागदी होता आणि पहिली शिफ्ट सुटताना वाटला. बाहेर बस उभी, ड्रायव्हर हॉर्न देतोय, आणि आत माणसं मशिनला टेकून खुणा करतायत. पहिल्या पंधरा-वीस प्रश्नांवरच्या खुणा इकडेतिकडे होत्या. पुढे 'सहमत'च्या रकान्यातून उभी रांग, थेट शेवटपर्यंत. '४१. सुपरवायझर माझं ऐकून घेतात' – सहमत. '५३. सुपरवायझर माझं ऐकून घेत नाहीत' – तेही सहमत! तरी आम्ही त्याचे टक्के काढले, रंगीत आलेख केले आणि मीटिंगमध्ये दाखवले. कोणी काही बोललं नाही.

यात कामगारांचा दोष नव्हता. मिर्ता गालेशिच आणि मिखाएल बोस्न्याक यांचा २००९ सालचा ऑनलाइन सर्वेक्षणावरचा प्रयोग हेच दाखवतो. लोकांना आधीच १०, २० किंवा ३० मिनिटं लागतील असं सांगितलं होतं. सांगितलेला वेळ जितका जास्त, तितके कमी लोक सुरुवात करायला तयार झाले. शिवाय जे प्रश्न उशिरा आले, त्यांची उत्तरं घाईची, त्रोटक आणि एकसारखी होती.

गॅलप या सर्वेक्षण कंपनीची कर्मचाऱ्यांसाठीची प्रसिद्ध प्रश्नावली १२ प्रश्नांची आहे. माणसाचं कामात किती मन आहे हे मोजणारी, नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठाची मोजपट्टी १७ प्रश्नांची होती; २००६ मध्ये ती ९ वर आली आणि २०१९ मध्ये ३ वर. पण हे आकडे उचलून साहेबांपुढे ठेवू नका. त्या तीन प्रश्नांतून माणूस कामात किती रमलाय ते कळतं, कँटीनमध्ये काय बिघडलंय ते कळत नाही.

आता मी एक करते. कच्च्या यादीत प्रत्येक प्रश्नापुढे नाव लिहायचं: याचं उत्तर वाईट आलं तर तीन महिन्यांत कोण काय करणार? 'कंपनीच्या ध्येयधोरणांशी मी एकरूप आहे' या प्रश्नापुढे कोणाचंच नाव येईना, तो गेला. पगारावरचे पाच प्रश्नही गेले, कारण पगार करारातच ठरतो. असे निम्मे गळतात.

पहिल्या पानावरचे वय, विभाग, नोकरीची वर्षं, स्त्री की पुरुष हे रकानेही प्रश्नच आहेत, तेही मोजा. आमच्या मेंटेनन्समध्ये एकच बाई होत्या. एवढे रकाने भरल्यावर वर 'नाव लिहू नये' छापण्यात काय अर्थ? फक्त विभाग ठेवा, आणि तिथे पाच-सहाच जण असतील तर तोही नको.

आकडाच हवा असेल तर शॉप फ्लोअरला १२ ते १५ प्रश्न, ऑफिसला फार तर २५, आणि दोन्हीकडे शेवटी एकच मोकळी जागा. तो माझा अंदाज, नियम नाही. किती वेळ लागतो ते फॉर्म स्वतः भरून मोजू नका, तुम्हाला प्रश्न पाठ असतात. लाइनवरच्या पाच जणांना मराठी फॉर्म द्या, त्यात वाचायला वेळ लागणारे दोघं तरी घ्या. दहा मिनिटांवर गेलं तर अजून कापा. आणि भरून घ्या शिफ्टच्या वेळेत, सुटताना नाही.

मागच्या वेळी आमचे १४ प्रश्न होते. मोकळ्या जागेत सगळ्यात जास्त वेळा आलं ते सेकंड शिफ्टच्या बसबद्दल: पंचिंगच्या रांगेत उभं असतानाच बस निघून जाते. आता ती दहा मिनिटं थांबते. त्या ६४ प्रश्नांत बसवर एकही प्रश्न नव्हता.