बाकावरचा ठेका तबल्यावर आणताना

सांगलीत राहतोस, बाकावर बोटं वाजवत बसतोस आणि आता तबला शिकायचाय, तर घाईने तबला-डग्ग्याची जोडी घेऊ नकोस. आधी गुरू बघ, मग त्यांनाच सोबत ने. काळी एकसाठी (पेटीची पहिली काळी पट्टी, त्या स्वराला) साधारण साडेपाच इंची तोंडाचा तबला चालतो. तोंड लहान तसा स्वर चढा.

बाकावर सगळी ताकद मनगटातून खाली जाते. तबल्यावर तोच दाब नाद मारतो. 'ना' हा बोल किनारीवर, म्हणजे पुडीच्या (वरच्या चामड्याच्या) काठावर तर्जनीने वाजवायचा, अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकी टेकलेली. ती जोरात दाबली की आवाज बसका येतो, अजिबात टेकली नाही तर नुसता खणखणाट. डग्ग्यावर (डाव्या हाताच्या मोठ्या वाद्यावर) मनगट घट्ट रोवलं तर 'घे' हा बोल घुमतच नाही. पहिले सहा महिने 'धा धा तिरकिट' मिनिटाला 60 मात्रांनीच वाजव, मेट्रोनोम (ठरावीक गतीने टिकटिक करणारं यंत्र) लावून. लय पळते ती बहुतेक 'तिरकिट'लाच, कारण बोटं कच्ची असतात.

पावसाळ्यात पुडी ओलावते, स्वर उतरतो. गजऱ्यावर (पुडीभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर) वरून हातोडी मारली की चढतो, खालून मारली की उतरतो. समोरासमोरची घरं (चामड्याच्या पट्ट्यांमधले गजऱ्याचे भाग) जुळवत जा. घाम आला तर पावडर हाताला लाव, शाईवर नको.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत. जरूर दे, पण पोट साथीवर आणि शिकवण्यावर चालतं. म्हणून गावातल्या भजनी मंडळात तासभर साधा भजनी ठेका न हलता धरायला शिक. गायकाला तोच लागतो. मिरजेला किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीच्या मैफली होतात, तिथे तबल्याजवळ बस.