बाबांनी केलेला तो फोन

‘मी एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या सत्रात ७१ टक्के मिळाले, पण फील्डवर्कमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणात, जेमतेम पास झाले. आयसीमध्ये, म्हणजे फील्डवर्कबद्दल मॅडमशी होणाऱ्या वैयक्तिक चर्चेत, मॅडमनी रिपोर्टवर शेरा मारला, की मी सेवार्थींच्या, म्हणजे मदतीसाठी आमच्याकडे येणाऱ्यांच्या, आयुष्यात गरजेपेक्षा जास्त शिरते. एका आजींना मी स्वतःच्या पैशांनी औषधं आणून दिली, काही जणांना माझा नंबर दिला. आमच्या घरचे हेच संस्कार आहेत. बाबा गेली तीस वर्षं एक पैसा न घेता समाजसेवा करताहेत. ते म्हणतात, तुम्हाला तिथे माणसाचं दगड व्हायला शिकवतात. माझी मूल्यं आणि या व्यवसायाची नीती जुळत नाहीत, असं आता मलाही वाटतंय. कोर्स सोडून स्पर्धा परीक्षांकडे वळू का?’

तुझ्या पत्रातला एवढाच भाग इथे सलग देतेय. ओळख पटेल असे तपशील गाळलेत, काही बदललेत. पुढे ज्या बाईचा विषय येणार आहे तिच्याबद्दल तर मोघमच लिहिणार आहे. का, ते तुझ्या लक्षात येईल.

पत्र मी दोनदा वाचलं. टक्के, शेरा, औषधांचे पैसे यांवर तू दोन पानं खर्च केलीस आणि सगळ्यांत गंभीर गोष्ट एका वाक्यात उरकलीस. तू लिहिलंस, ‘त्या बाईचं प्रकरण बाबांनी ओळखीने मिटवलं, ती आता घरी परत गेली आहे, मॅडमना मात्र मी हे सांगितलेलं नाही, उगाच विषय वाढेल.’

मी तिथेच थांबले. मारहाणीला कंटाळून घर सोडलेली एक बाई. तुझं फील्डवर्क आहे त्या रुग्णालयात मुलाच्या उपचारासाठी येते, तुझ्यासमोर बसते, कुठे राहते ते सांगते. ‘मला विचार करायला थोडा वेळ द्या,’ असंही म्हणते. हे वाक्य तूच तुझ्या रिपोर्टमध्ये जसंच्या तसं उतरवलंयस. संध्याकाळी तू घरी बोललीस. बाबांनी ती कोण ते ओळखलं, तिच्या भावाला फोन केला, भाऊ येऊन तिला घेऊन गेला. त्यानंतर ती मुलाला घेऊन आलेली नाही आणि तिचा फोन बंद आहे. याला तू ‘मिटलं’ म्हणतेस. कोणाच्या दृष्टीने मिटलं? तिने वेळ मागितला होता आणि तो तिच्या हातातून काढून घेतला गेला. बाई घर सोडते तेव्हाचा आणि त्यानंतरचा काही काळ तिच्यासाठी सर्वांत धोक्याचा असतो. म्हणून तर तिचा ठावठिकाणा इतका जपायचा असतो.

तेव्हा कोर्स सोडायचा की नाही, हे बाजूला ठेव. उद्या सकाळी मॅडमकडे जा आणि सगळं सांग, बाबांच्या फोनसकट. पुढच्या आयसीची वाट पाहू नकोस. स्वतः त्या बाईला फोन लावू नकोस, तिच्या घरीही जाऊ नकोस. तिचा फोन आज कोणाच्या हातात आहे, हे तुला माहीत नाही. मुलाच्या तपासणीच्या तारखेचं निमित्त आहे, रुग्णालयाकडून रीतसर निरोप जाऊ शकतो. तो कसा, कधी आणि कोणी द्यायचा, हे मॅडम आणि संस्थेतल्या सुपरवायझर ठरवतील. तुला बोलणी बसतील. कदाचित त्या फील्डवर्कमधून तुला काढतीलही. तरीही जा.

तुझ्या मनात एक गैरसमज पक्का बसलेला दिसतो, आणि तो तुझ्या एकटीचा नाही. तू म्हणतेस, ‘मी नाव सांगितलंच नव्हतं, फक्त गाव आणि मुलाचा आजार सांगितला, तेही घरातच.’ अगं, गाव आणि आजार एवढ्यावर माणूस सापडतो. तुझ्या बाबांना तो एका रात्रीत सापडला. नाव गाळलं म्हणजे गोपनीयता पाळली, असं होत नाही. ऐकणाऱ्याला माणूस ओळखता आला की गोपनीयता मोडली. आणि ‘घरातच सांगितलं’ हा तर बचावच होत नाही. सेवार्थीच्या दृष्टीने तुझं घर म्हणजे परकी माणसं. तिने तुझ्या बाबांना काहीही सांगितलेलं नव्हतं. गंमत नाही, दुःख याचं वाटतं, की जिथे बोलायला हवं होतं तिथे तू गप्प राहिलीस. सुपरवायझरला सांगणं तुला चुगली वाटलं आणि बाबांना सांगणं आपल्या माणसाशी बोलणं वाटलं. या व्यवसायात ते नेमकं उलटं आहे. केस सुपरवायझरपाशी उलगडायची असते, कारण तीही त्याच गोपनीयतेने बांधलेली असते आणि तुझी चूक तिथे सापडू शकते. गोपनीयतेलाही मर्यादा आहेत, हे तू शिकली असशीलच. कोणाच्या जिवाला धोका असेल, मुलावर अत्याचार होत असेल, तर गप्प बसता येत नाही. आपल्याकडे पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. पण तो अपवादही कायद्याच्या वाटेने जातो. घरच्या दिवाणखान्यातून जात नाही.

आता बाबांबद्दल.

तीस वर्षं निरपेक्ष काम करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. त्यांनी कित्येकांच्या शाळेची फी भरली असेल, रात्री-अपरात्री लोकांना दवाखान्यात नेलं असेल. त्यांचा हेतू मी एका शब्दानेही संशयास्पद मानत नाही. पण एक प्रश्न तूच स्वतःला विचार. त्या बाईला जर वाटलं, की माझ्यावर अन्याय झाला, तर बाबांविरुद्ध ती कोणाकडे तक्रार करणार? कोणाकडेच नाही. उलट लोक तिलाच म्हणतील, एवढा देवमाणूस तुझ्या भल्यासाठी धावून आला आणि तू तक्रार करतेस? उपकार करणाऱ्याला जाब विचारता येत नाही. पगार घेऊन, नेमणूक घेऊन, आचारसंहितेखाली काम करणाऱ्याला तो विचारता येतो. ‘पैसे घेऊन कसली सेवा’ असं बाबा म्हणतात तेव्हा ही बाजू त्यांच्या नजरेतून सुटते. तुझ्या कामाला मोबदला असणं हा काही कमीपणा नाही. तू उत्तर द्यायला बांधील आहेस, याची ती खूण आहे.

हा व्यवसाय जन्मालाच मुळी या अनुभवातून आला. १८६९ मध्ये लंडनमध्ये आणि १८७७ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात धर्मादाय कामाचं संघटन करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. सुखवस्तू घरांतल्या लोकांनी, त्यातही बऱ्याच स्त्रियांनी, गरिबांच्या घरी मैत्रीच्या नात्याने जायचं, विचारपूस करायची, सल्ला द्यायचा, अशी पद्धत होती. माणसं मनाने चांगली होती. पण कोणता गरीब मदतीला पात्र आणि कोणता अपात्र, हे ती आपल्या घरच्या संस्कारांच्या मापाने ठरवत. नुसता चांगुलपणा पुरत नाही, हे हळूहळू कळत गेलं आणि १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये या कामाचा पहिला उन्हाळी प्रशिक्षणवर्ग भरला. आपल्याकडे १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचं पहिलं विद्यालय निघालं. तू ज्या वर्गात बसतेस तो वर्ग चांगल्या माणसांच्या चुकांमधून उभा राहिलाय. त्याला दगड होण्याचं शिक्षण म्हणणं मला मान्य नाही.

‘मूल्यं जुळत नाहीत’ हे तुझं म्हणणंही मी तसंच्या तसं स्वीकारणार नाही. कोणाचीच सगळी जुळत नाहीत, आणि जुळण्याची अटही नाही. फेलिक्स बिस्टेक यांची समाजकार्यातली सात तत्त्वं तू परीक्षेत लिहिली असशील: स्वीकार, निवाडा न करणं, स्वयंनिर्णय, गोपनीयता वगैरे. १९५७ मध्ये ती मांडणारा हा माणूस जेझुइट पंथाचा कॅथलिक धर्मगुरू होता. पाप काय, पुण्य काय, लग्न म्हणजे काय, याबद्दल त्यांची मतं अगदी ठाम असणार. तरीही समोरच्याचा निवाडा करू नका आणि निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या, हे त्यांनी लिहिलं. त्यांनी आपली श्रद्धा सोडली नाही, ती दुसऱ्याच्या आयुष्यावर चालवायची नाही एवढी शिस्त लावून घेतली. त्याच सातांमध्ये ‘नियंत्रित भावनिक सहभाग’ हेही एक तत्त्व आहे. तू ‘नियंत्रित’ हा शब्द धरून बसलीस. ‘सहभाग’ही तिथेच लिहिलाय.

पत्रात आणखी एका ठिकाणी तू लिहिलंस, ‘घर मोडू नये असं मला मनापासून वाटतं.’ वाटू दे. हे तुझं मूल्य आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तुला एक कठीण प्रश्न विचारते. रागावू नकोस. त्या संध्याकाळी तू बाबांना ते सांगितलंस, तेव्हा मनात कुठेतरी ठाऊक होतं का, की बाबा फोन करतील? त्या बाईला ‘परत जा’ म्हणायचं तुझ्या ओठांवर होतं, पण मॅडमनी शिकवल्यामुळे तू ते बोलली नाहीस, आणि मग ते बाबांकरवी झालं, असं तर नाही ना? मला उत्तर नको. स्वतःला मात्र खरं उत्तर दे. आपलं मूल्य आपल्याला नीट ठाऊक असेल, तर माणूस ते हातात धरून बाजूला ठेवू शकतो. ठाऊक नसेल, तर ते मागच्या दाराने आपलं काम करून घेतं.

कधी खरोखरच सद्सद्विवेक आणि काम यांची टक्कर होते. गर्भपाताचा प्रश्न असतो, धर्माचा असतो, स्वतःच्या जुन्या जखमेचाही असतो. तेव्हा ‘ही केस मला झेपणार नाही’ असं सुपरवायझरला वेळेत सांगून ती दुसऱ्या सहकाऱ्याकडे सोपवता येते. अट एकच, सेवार्थीची मदत तुटता कामा नये आणि ‘आपल्यामुळे यांना अडचण झाली’ असं तिला वाटता कामा नये. पण हे वारंवार करावं लागत असेल, तर मात्र क्षेत्राचाच विचार करायला हवा.

औषधांच्या पैशांवरून तू उगाच इतकी हळहळतेयस. मॅडमचा शेरा बरोबर आहे, पण ते मोठं पाप नाही. तुझं फील्डवर्क संपल्यावर त्या आजींची पुढची औषधं कोण आणणार, एवढाच तो प्रश्न आहे. रुग्णालयाचा निधी, देणगीदार, सरकारी योजना यांतून त्यांच्यासाठी कायमची सोय लावून देणं हे काम जास्त कष्टाचं आहे आणि तेच तुझं आहे. नंबर द्यायचा तो संस्थेचा दे.

२०१८ मध्ये समाजकार्यकर्त्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने जी नीतितत्त्वं मंजूर केली, त्यांत स्वतःची काळजी घेणं हे कर्तव्य म्हणून लिहिलंय. बाबांना हे पटणार नाही. त्यांनी स्वतःला झिजवलं आणि घरानेही त्यांच्याबरोबर झिजायचं, हे तू लहानपणापासून पाहिलंस. पत्रात ‘बाबा म्हणतात’ अकरा वेळा आलंय, मी मोजलं. ‘मला हवंय’ एकदाही नाही. दोन वर्षांनी त्यांची संस्था तू चालवायची, हे घरात ठरलेलंच दिसतं. माझं स्पष्ट मत आहे, की पास झाल्यावर निदान पाच वर्षं तू त्या संस्थेत पाऊल ठेवू नयेस. जिथे तुला कोणी ‘अमक्यांची मुलगी’ म्हणून ओळखत नाही, तिथे काम कर. पुढचं फील्डवर्कही बाबांची ओळख पोचत नाही अशा ठिकाणी माग, आणि का मागतेयस ते मॅडमना सांग. बाबांशी एकदा बसून बोल. भांडू नकोस, एवढंच सांग, की यापुढे माझ्या कामाबद्दल घरात विचारायचं नाही. ते दुखावतील. दुखावू देत.

स्पर्धा परीक्षांचं म्हणशील, तर वयाची आणि पदवीची अट पुरी होतेच आहे, वयोमर्यादा संपेपर्यंत त्या पुढेही देता येतील. पण शेऱ्यातून पळून तिकडे गेलीस, तर प्रशासनातही गोपनीयता आणि वशिल्याचे फोन हेच दोन विषय तुझ्यासमोर असतील.

कोर्स सोडू नकोस असं मी आज म्हणतेय, ते उद्या सकाळी तू मॅडमकडे जाणार हे धरून. ते जमलं नाही, सेवार्थीची गोष्ट बाबांपासून लपवणं तुला घराशी प्रतारणा वाटत राहिली, तर मात्र सोड. त्यात अपयश नाही. तुझ्यासमोर बसून बोलणाऱ्या माणसांना तेवढं देणं लागतेस.

सत्र संपल्यावर मला पुन्हा लिही. मॅडम काय म्हणाल्या, बाबांशी काय बोलणं झालं, तुला झोप लागते का, हे सगळं लिही. त्या बाईचं पुढे काय झालं, हे मात्र लिहू नकोस. तिने ते मलाही सांगितलेलं नाही.