सेमी-ट्रेलरवर मजला चढवण्याआधी

प्रश्न : इंदुरात देवास नाक्याजवळ माझा जुन्या मोटारींचा व्यवसाय आहे. धुळ्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडून ४० फुटी जुना सेमी-ट्रेलर घेतला. आरसी अजून त्याच्याच नावावर आहे. त्यावर चॅनेलचा वरचा मजला आणि मागे रॅम्प करून पुण्या-मुंबईहून एका खेपेत सहा मोटारी आणायच्या आहेत. सांगाडा अर्धा उभा झालाय, वेल्डिंग चुलतभाऊच करतो. ट्रेलरला इंजिन नाही, म्हणजे नुसतं लोखंडच. गाड्या माझ्याच, भाडं कुणाचं घेत नाही. मग परवानगी कशाला?

उत्तर : पहिला चॅनेल जोडण्याआधी विचारलं असतंत तर बरं झालं असतं. आता वेल्डिंग आजच थांबवा.

तुमचा सगळा हिशेब ‘इंजिन नाही म्हणजे नुसतं लोखंड’ या समजुतीवर उभा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये सेमी-ट्रेलरची स्वतंत्र व्याख्या आहे : ज्याचा काही भाग पुढच्या घोड्यावर (ओढणाऱ्या इंजिनगाडीवर) टेकतो आणि काही वजन त्यावर येतं, ते वाहन. त्याला स्वतःचा नंबर, स्वतःची आरसी, स्वतःचं फिटनेस. कलम ५२ म्हणतं, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतल्या नोंदी जुळणार नाहीत असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हे ठणकावून सांगितलं. तुमच्या आरसीत बॉडीचा प्रकार आणि रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं आहे. मजला चढला की दोन्ही खोटे ठरतात. कलम १८२-अ प्रमाणे दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मजला एक, रॅम्प दुसरा, असं मोजणारा अधिकारी भेटला तर बघा.

भाडं घेत नाही, हे कामाचं नाही. एकूण वजन ३,००० किलोच्या वर गेलं की मालगाडीला परमिट लागतं, आत माल स्वतःचा असला तरी.

दंडाची मला तेवढी काळजी नाही, तो भरून माणूस घरी येतो. काळजी आहे ती विम्याची. मुंबईहून येताना घाट चढायचा, आणि जाताना उतरायचा. गणेश घाटात ब्रेक फेल झालेल्या ट्रकांच्या बातम्या तुम्ही माझ्याइतक्याच वाचल्या असतील. वजनाचा प्रश्न फारसा नाही, सहा मोटारी त्या ट्रेलरला जड नाहीत. पण अर्धं ओझं वर गेलं की वळणावर गाडी वेगळी वागते, आणि वरची एखादी मोटार सुटून कुणावर पडली तर दावा क्लेम ट्रिब्युनलमध्ये (अपघात भरपाईच्या कोर्टात) येतो. विमा कंपनी म्हणणार, आम्ही विमा उतरवला तो सपाट ट्रेलरचा. परमिट नसेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानुसार कंपनीने वारसांना आधी पैसे द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे. अशा वेळी तुमचं दुकान विकावं लागेल. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचं नाव आरसीवर आहे. म्हणजे नोटीस धुळ्याला जाणार, आणि तो ट्रान्सपोर्टवाला विक्रीचा कागद घेऊन तुमच्या दारात उभा राहणार. वर आणलेल्या तुमच्या सहा मोटारींचं नुकसान थर्ड पार्टी विम्यात येतच नाही.

‘भिया, कुछ नहीं होता’ हे देवास नाक्यावरचं वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय. म्हणणारा कोर्टात कधी दिसत नाही.

आधी धुळ्याचे कागद पुरे करा. ट्रेलरवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवून घ्या, तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) मागा, फॉर्म २९ आणि ३० वर नाव चढवा आणि मध्य प्रदेशचा नंबर घ्या. मग नक्शा जोडून नायता मुंडल्याच्या आरटीओत लेखी अर्ज करा. पुढे मंजुरी मिळून वेल्डिंग सुरू झालं तरी चॅसिस नंबरला ग्राइंडर लागू देऊ नका; तो पुसला तर संशय थेट चोरीचा येतो.

अडचण पुढेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे सेमी-ट्रेलर बनवणाऱ्याने नमुना तपासणी संस्थेकडून मंजूर करून घ्यायचा असतो, आणि बॉडी बांधणाऱ्याने फॉर्म २२-अ वर सही करायची असते. चुलतभावाचं वेल्डिंग कितीही सुबक असलं तरी ती सही तो करू शकत नाही. पीथमपूरचं नॅट्रॅक्स हे तपासणी केंद्र जवळ आहे, पण एकाच ट्रेलरसाठी एवढा व्याप परवडेल असं मला वाटत नाही. सरळ असा जुना कॅरिअर शोधा, ज्याच्या आरसीवर बॉडी आधीच ‘कार कॅरिअर’ आहे.

अर्धा सांगाडा वाया जाईल असं नाही. कुंपणाच्या आत मोटारी चढवायला-उतरवायला पक्का रॅम्प म्हणून तो चालेल. मात्र ट्रेलर पुन्हा रस्त्यावर आणायचा नसेल तर कलम ५५ खाली नोंदणी रद्द करायचा अर्ज द्या, नाहीतर टॅक्स चढत राहील. धुळ्याचा विक्रीचा कागद आणि आरसीची झेरॉक्स पाठवा, ट्रेलरवर बोजा आहे का ते त्यावरून बघून सांगतो.