डॉलरच्या देशात आयुर्मान का घटलं?

प्रश्न : माझी लेक ओहायोत असते, नातू सतरा वर्षांचा आहे. अमेरिकेतलं सरासरी आयुर्मान घसरलं होतं, असं वाचलं. एवढा पैसा, एवढी हॉस्पिटलं, तरी असं का? लेकीची काळजी करू का?
– एक निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : बाई, तिथले म्हातारे लवकर जायला लागले, असा अर्थ काढू नका. सरासरीला ओढ बसते ती तरण्याताठ्या मरणांनी. दहांतले नऊ जण ८०व्या वर्षी गेले आणि एक ३०व्या, तर सरासरी थेट ७५. गणित तुम्हाला मी काय शिकवणार!

२०१४ मध्ये अमेरिकेचं आयुर्मान ७८.९ होतं, २०१७ मध्ये ७८.६. फरक किरकोळ वाटतो, पण तेव्हा कसली साथही नव्हती. पुढे कोविडनं ते २०२१ मध्ये ७६.४ वर आणलं. २०२३ मध्ये ७८.४ पर्यंत सावरलं. जपान मात्र ८४ च्या घरात आहे.

कोविडच्या आधीच्या घसरणीत मोठा वाटा गोळ्यांचा. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मानं ऑक्सिकॉन्टिन ही अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी बाजारात आणली. सवय लागण्याचा धोका कमी, असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं. आमची डॉक्टरांची जमातही भाबडी, कधी सोयीनं भाबडी! कंबरदुखीलाही चिठ्ठ्या फाटल्या. गोळी महाग झाली, मिळेनाशी झाली, तेव्हा माणसं हेरॉइनकडे वळली, मग त्याहून कितीतरी जहाल अशा फेंटॅनिल या कृत्रिम औषधाकडे. २०२१ या एका वर्षात नशेच्या अतिमात्रेनं लाखाहून जास्त माणसं गेली.

पण गोळी गिळायला तसा माणूसही लागतो. अ‍ॅन केस आणि अँगस डीटन या अर्थतज्ज्ञ दांपत्यानं २०१५ मध्ये दाखवलं, की मध्यमवयीन गोऱ्यांत, विशेषतः कमी शिकलेल्यांत, नशा, दारू आणि आत्महत्येचे मृत्यू वाढताहेत. कारखाने बंद पडलेली गावं त्यात होरपळली. सोलापूरकराला हे वेगळं समजवायला नको. लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद पडल्यावर माझ्या दवाखान्याच्या बाकावर चाळिशीतला जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, यायचा. दारूनं डोळे पिवळे, पोट पाण्यानं टम्म. फी द्यायची ती बिड्या वळणारी बायको, पदराची गाठ सोडून. तिकडे तर नोकरी गेली, की बहुतेकांचा आरोग्यविमाही जातो. सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब एक टक्का पुरुषांच्या आयुष्यात सुमारे १५ वर्षांचं अंतर आहे, ते उगीच नाही. बंदुका, लठ्ठपणा, रस्ते अपघात आहेतच.

लेकीचं म्हणाल, तर तिथल्या आशियाई वंशाच्या लोकांचं आयुर्मान देशाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे. काळजी करायचीच तर नातवाची, तीही एवढीच : अक्कलदाढ काढल्यावर तिथे अशा अफूच्या जातीच्या गोळ्या सर्रास दिल्या जायच्या. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉलवर भागेल का, हे लेकीला डेंटिस्टला आधीच विचारायला सांगा. बहुतेकांचं भागतं. घरात जुन्या गोळ्या उरल्या असतील, तर त्या केमिस्टकडे परत करायच्या.