वाचकांचे प्रश्न: टँपाला गाईडबरोबर मासेमारी

प्रश्न: फेब्रुवारीत मुलीकडे फ्लोरिडात टँपाला जातोय. जावई म्हणतात गाईडची बोट घेऊ, अर्धा दिवस खाडीत मासे पकडू. मी अलिबागचा, गळ आणि पाग दोन्ही टाकलंय, वय ६८. पण तिकडे मासा पकडून परत सोडतात म्हणे, मग एवढे पैसे कशाला घालवायचे? आणि लायसन्सचं काय?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर: काका, जरूर जा, फक्त बुकिंग करतानाच गाईडला सांगा की आम्हाला खायला मासा हवाय. त्यांची बरीच गिऱ्हाईकं फोटो काढून सोडायलाच येतात, तुम्ही बोलला नाहीत तर तो तुम्हालाही त्यातलेच समजेल.

सोडण्यामागे कायदा आहे आणि मला तो मनापासून पटतो. तिथला लाडका मासा म्हणजे स्नूक, आपल्या जिताड्याचा नातेवाईक, पूर्वी दोघांना एकाच कुळात धरायचे. जिताड्यासारखाच हाही आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, म्हणजे सगळ्यात मोठे मासे खाल्ले तर अंडी घालणाऱ्या माद्याच संपल्या. म्हणून २८ ते ३३ इंचातलाच ठेवायचा, माणशी एक, आणि टँपाकडे १ डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर आणि मे ते ऑगस्ट तो अजिबात ठेवता येत नाही. आपल्याकडे जिताड्याला असं माप लावलं असतं तर किती बरं झालं असतं!

तुमच्या महिन्यात स्नूक बंद, पण रेडफिश (१८ ते २७ इंच) आणि सीट्राउट (१५ ते १९ इंच) चालतात, दोन्ही आपल्या घोळ-ढोम्याच्या खानदानातले. आणि शीपसहेड नक्की मागा. अंगावर काळे पट्टे, तोंडात चक्क माणसासारखे दात, पुलाच्या खांबांना चिकटलेल्या शिंपल्या त्या दातांनी फोडून खातो, फेब्रुवारी-मार्चमध्ये भरपूर असतो आणि चवीला फार छान. फक्त आमिष इतक्या अलगद चोरतो की कळत पण नाही, दोरी बोटावर ठेवून बसावं लागतं.

गाईडचे पैसे खरे तर पाणी ओळखण्याचे असतात. तुमच्याकडे उधाणाला पाणी चार मीटर चढतं-उतरतं, टँपा बेमध्ये जेमतेम मीटरभर, त्यामुळे कुठल्या खड्ड्यात मासा थांबलाय हे फूटभर पाण्यावर ठरतं. हिवाळ्यात सकाळची ओहोटी खूप खाली जाते, त्यात उत्तरेचा वारा सुटला की गवताळ उथळ भाग उघडे पडतात आणि रेडफिश मधल्या खोलगट जागांत गोळा होतात, म्हणून गाईड म्हणाला की पहाटे नको, दहाला निघू, तर ऐका त्याचं. उन्हाळ्यात तो स्वतः पाग टाकून आमिषासाठी छोटे जिवंत मासे धरतो, थंडीत बहुतेक जिवंत कोळंबीच लावतात.

एक सवय मात्र मोडावी लागेल. तिथे बहुतेक सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळवलेला गोलसर गळ असतो, त्याला आपल्यासारखा हिसका द्यायचा नाही, हिसका दिलात की गळ तोंडातून सुटलाच, नुसती दोरी ताणत सावकाश रीळ फिरवायची, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

लायसन्सची काळजी नको, चार्टर म्हणजे गाईडच्या भाड्याच्या बोटीवर कॅप्टनच्या लायसन्समध्ये तुम्ही येता, पण नंतर किनाऱ्यावरून किंवा जावयांच्या बोटीतून गळ टाकायचा असेल तर तुम्हाला वेगळं घ्यावं लागेल, तीन दिवसांचं १७ डॉलरला ऑनलाइन मिळतं. गाईडचं भाडं पूर्ण बोटीचं असतं, माणशी नाही, म्हणून नातवंडांनाही न्या, वर १५-२० टक्के टीप धरून चाला. बऱ्याच छोट्या बोटींवर टॉयलेट नसतं, या वयात ते आधी विचारून घेतलेलं बरं. आणि वाऱ्यात बोट पळते तेव्हा तिथलीही थंडी झोंबते, जाकीट न्याच.

धक्क्यावर परत आलात की गाईड मासा साफ करून देतो, पण त्यांच्या पद्धतीने दोन बाजूंचं मांस काढून डोकं नि काटा टाकून देतात, तेव्हा सुरी लावायच्या आधीच सांगा की डोकी आम्हाला द्या, कालवणाला लागतात.