एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ वरचे डेटाबेस २०१९ वर न्यायचेत, बॅकअप घेऊन रिस्टोअर केलं की झालं का?

म्हणजे तुमचं असं आहे की पतसंस्थेचा जुना सर्व्हर, त्यावर एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) २००८ आर२, सात डेटाबेस, सगळ्यात मोठा ६० जीबीचा, नवीन मशीन येऊन पडलंय त्यावर २०१९ टाकायचंय आणि एका रविवारात उरकायचंय. तर बॅकअप-रिस्टोअरनेच करा, तेवढं काम एका रविवारात आरामात होतं. पण "झालं का" विचाराल तर नाही झालं. डेटाबेस बिचारा मुकाट्याने जातो, डोक्याला ताप होतो तो डेटाबेसच्या बाहेर जे काय पडलेलं असतं त्याचा. घर बदलताना सामान टेम्पोतून पोचतं, पण दूधवाल्याला नवा पत्ता कोणीच सांगितलेला नसतो, तसं.

मी हे एका साखर कारखान्यात केलंय, नाव नको. २००८ आर२ चा सपोर्ट ९ जुलै २०१९ ला संपला, त्यानंतर दरवर्षी ऑडिटर शेरा मारायचा आणि दरवर्षी हंगामानंतर बघू म्हणून राहायचं. शेवटी एका मे महिन्यात गाळप बंद असताना मुहूर्त लागला. चुका भरपूर केल्या, त्यातल्याच सांगतो.

डिटॅच-अटॅच, म्हणजे डेटाबेसची फाइलच जुन्यावरून सोडवून नव्याला जोडणं, करू का असंही विचारलंय तुम्ही. नका करू. नवीन सर्व्हरने एकदा एमडीएफ (डेटाबेसची मुख्य) फाइल उघडली की तो ती आतून अपग्रेड करतो, २००८ आर२ चं अंतर्गत व्हर्जन ६६१ आणि २०१९ चं ९०४, मग ती फाइल जुन्यावर परत लागत नाही. घाईत कॉपी न करता मूळ फाइलच अटॅच केली तर परतीचा रस्ता बंद. बॅकअपमध्ये निदान मूळ फाइल जागेवर राहते. पण एक लक्षात घ्या, २०१९ वर घेतलेला बॅकअपसुद्धा २००८ वर रिस्टोअर होत नाही, कंपॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेसने कुठल्या व्हर्जनसारखं वागायचं ते) जुनीच ठेवली असली तरी नाही. म्हणजे सोमवारी सकाळी काउंटर उघडला, दोन तास एन्ट्र्या झाल्या आणि मग तुम्ही म्हणालात की चला जुन्यावर परत जाऊ, तर त्या दोन तासांच्या एन्ट्र्या हाताने नाहीतर स्क्रिप्टने परत टाकाव्या लागतील. त्यामुळे परत जायचं की नाही हे रविवारी संध्याकाळीच ठरवायचं, आणि ते ठरवता यावं म्हणून आधी एकदा पूर्ण रंगीत तालीम करायची. बॅकअप घ्या, नव्यावर टाका, एका काउंटरचं प्रोग्रॅम त्याला जोडा आणि पिग्मी, कर्ज, व्याज आकारणी, दिवसअखेर असं सगळं चालवून बघा. खरा बॅकअप घ्यायच्या आधी जुन्यावर डीबीसीसी चेकडीबी (डेटाबेस धड आहे का तपासणारी कमांड) चालवा, तिकडे आधीच कुठे पेज खराब असेल तर तेही इमानदारीत तुमच्याबरोबर नव्या घरी येईल.

वेळेचं म्हणाल तर ६० जीबी गिगाबिट नेटवर्कवर दहा एक मिनिटांत जातात. आमच्याकडे मात्र दोन सर्व्हरच्या मध्ये कपाटामागे एक जुनाट १०० एमबीपीएसचा स्विच निघाला, तिथे तेवढ्यालाच दीड तास. आधी बघून ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे शनिवारी रात्रीच फुल बॅकअप घेऊन नव्यावर नोरिकव्हरी (डेटाबेस अजून उघडायचा नाही असं सांगणारा पर्याय) लावून रिस्टोअर करून ठेवायचा, आणि रविवारी सगळे बाहेर पडले की शेवटचा लॉग बॅकअप (व्यवहारांच्या नोंदींचा), तोही नोरिकव्हरी लावून घ्यायचा. त्याने काय होतं की जुना डेटाबेस रिस्टोअरिंग अवस्थेत जातो आणि त्यात कोणाला चुकूनही एन्ट्री करता येत नाही (आमच्याकडे एक साहेब सुट्टीच्या दिवशी घरून लॉगिन करायचे, त्यांच्यासाठी हे फार उपयोगी पडलं). यासाठी डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलवर लागतो, सिंपलवर असेल तर लॉगऐवजी डिफरन्शियल (फुल बॅकअपनंतर जे बदललं तेवढ्याचा) बॅकअप घ्या, पण मग जुना स्वतः ऑफलाइन करायला विसरू नका. नोरिकव्हरीऐवजी स्टँडबाय (फक्त वाचता येईल असा पर्याय) लावून मध्येच डोकावून बघू म्हणाल तर व्हर्जन वेगळं असल्यामुळे ते जमत नाही, एरर येते, घाबरू नका.

आता बाहेरच्या सामानाकडे या. लॉगिन मास्टर नावाच्या सिस्टिम डेटाबेसमध्ये असतात, तुमच्या डेटाबेसमध्ये नाही. डेटाबेसमध्ये असतो तो युजर, आणि दोघांचं नातं नावावर नसून एसआयडीवर (अंतर्गत ओळख क्रमांकावर) असतं. मी काय केलं, नव्या सर्व्हरवर त्याच नावाचे, त्याच पासवर्डचे लॉगिन हाताने बनवले, नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, आणि तरी प्रोग्रॅम म्हणतोय डेटाबेस उघडत नाही. तासभर पासवर्डच बदलत बसलो होतो! नव्या लॉगिनला नवा एसआयडी मिळालेला, डेटाबेसमधला युजर जुन्याचीच वाट बघत बसलेला. मायक्रोसॉफ्टची एसपी हेल्प रेव्हलॉगिन नावाची स्क्रिप्ट आहे, ती जुन्यावर चालवली की प्रत्येक लॉगिनसाठी एक क्रिएट लॉगिनची ओळ मिळते, त्यात पासवर्डचा हॅश आणि एसआयडी दोन्ही असतात, ती ओळ नव्यावर चालवायची, पासवर्ड माहीत नसला तरी चालतं. आणि हाताने आधीच बनवून बसला असाल तर अल्टर युजर विथ लॉगिन म्हणून जोडून टाका.

जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, असतात एमएसडीबी या दुसऱ्या सिस्टिम डेटाबेसमध्ये, डेटाबेस मेलचं प्रोफाइल पण तिथेच. लिंक्ड सर्व्हर, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरशी केलेली जोडणी, मास्टरमध्ये. यातलं काहीही तुमच्या बॅकअपमधून येत नाही. जॉबवर राइट क्लिक करून स्क्रिप्ट काढून घ्या, दहा मिनिटांचं काम. आम्ही बॅकअपचे जॉब आठवणीने नेले, पण रोज पहाटे लिंक्ड सर्व्हरवरून शेतकऱ्यांच्या बिलाचे एसएमएस सोडणारा एक जॉब होता तो कोणाच्याच यादीत नव्हता, कारण तो बनवणारा माणूस सोडून गेलेला. ऑफ सीझन होता म्हणून निभावलं, हंगामात झालं असतं तर गेटवर ट्रॅक्टरपेक्षा शेतकरी जास्त दिसले असते. तुमच्याकडे पण एसएमएस जात असणारच, हप्त्याचे, ठेवीच्या मुदतीचे, ते नेमके कुठून सुटतात ते शोधा.

सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे कोलेशन, म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम कसा लावायचा त्याचे नियम. २०१९ इन्स्टॉल करताना नेक्स्ट नेक्स्ट करत गेलो आणि सर्व्हर कोलेशनकडे बघितलंच नाही. जुन्यावर होतं लॅटिन१ जनरल सीआय एआय, नव्यावर आलं एसक्यूएल लॅटिन१ जनरल सीपी१ सीआय एएस. रिस्टोअर झालं, डेटा दिसला, मास्टर फॉर्म उघडले, आम्ही चहा मागवला. मग ऊस बिलाचं प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला प्रोग्रॅम) चालवलं आणि लाल अक्षरात कॅनॉट रिझॉल्व्ह द कोलेशन कॉन्फ्लिक्ट. कारण बघा, डेटाबेस आपलं जुनं कोलेशन बरोबर घेऊन आला, पण टेम्पडीबीला (तात्पुरती टेबलं जिथे बनतात तो सिस्टिम डेटाबेस) सर्व्हरचं कोलेशन लागतं, आणि त्या प्रोसिजरमध्ये नावाआधी # असलेला टेम्प टेबल बनवून त्यातला गाव कोड मूळ टेबलच्या गाव कोडशी जॉइन केलेला, एक कॉलम एका कोलेशनचा, दुसरा दुसऱ्याचा, तुलना करायला सर्व्हर नकार देतो. प्रत्येक टेम्प टेबलमध्ये कोलेट डेटाबेस डिफॉल्ट लिहून सुटतं हे, पण आमच्याकडे अशी दोनशेच्या वर प्रोसिजर होती. मग काय, सर्व्हर परत पुसून नव्याने इन्स्टॉल केला. इन्स्टॉलनंतर सर्व्हर कोलेशन बदलायचं म्हणजे सिस्टिम डेटाबेस नव्याने बांधायचे, ते केलेलं लॉगिन-जॉबचं काम पण पाण्यात. तुम्ही आत्ताच जुन्यावर सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कोलेशन कागदावर लिहून ठेवा आणि इन्स्टॉलच्या वेळी तंतोतंत तेच निवडा.

कोलेशनवरूनच, तुमच्याकडे सभासदांची नावं मराठीत कशी ठेवलीयत? जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याचदा श्रीलिपी किंवा तसल्या फॉन्टमधला मजकूर व्हारचार (युनिकोड नसलेल्या) कॉलममध्ये असतो, मॅनेजमेंट स्टुडिओत बघितलं की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात आणि नवीन पोरगं घाबरून म्हणतं डेटा करप्ट झाला. झालेला नसतो, तो तसाच असतो, बॅकअप-रिस्टोअरने त्यातला एक बाइटही हलत नाही. मात्र इम्पोर्ट एक्सपोर्ट विझार्डने किंवा एक्सेलमधून नेऊ नका, मध्ये कोडपेज बदललं तर ती अक्षरं कायमची गेली. आणि युनिकोडमध्ये असेल तर एनव्हारचार कॉलम आहे ना आणि स्क्रिप्टमध्ये अवतरणचिन्हाआधी एन लावलाय ना ते बघा, नाहीतर पाटलांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. फॉन्टमधला डेटा युनिकोड करायचाच असेल तर तो वेगळा प्रकल्प समजा, या रविवारी त्याला हात लावू नका. आणि मराठी वर्णमालेप्रमाणे सॉर्टिंग व्हावं म्हणून इंडिक जनरल कोलेशन पूर्ण सर्व्हरला लावू असं कोणी सुचवलं तर ते होत नाही, ते फक्त एनव्हारचारसारख्या युनिकोड कॉलमवर चालतं.

कंपॅटिबिलिटी लेव्हल. रिस्टोअर झाल्यावर तुमचा डेटाबेस १०० वरच राहील, २००८ ची लेव्हल ती, आणि २०१९ ची १५०. एखादा डेटाबेस अजून ८० किंवा ९० वर पडलेला असेल तर २०१९ त्याला आपोआप १०० वर आणतो, आणि ८० वर असेल तर जुन्या पद्धतीचा चांदणी-बरोबर (*=) वाला आउटर जॉइन आणि तसलं बरंच चालायचं बंद होतं, म्हणून ते आधी तपासा. आता लेव्हल १५० करू का, तर लगेच नको. २०१४ पासून म्हणजे लेव्हल १२० पासून क्वेरीला किती ओळी मिळतील याचा अंदाज बांधायची पद्धतच बदललीय, बहुतेक क्वेऱ्यांना फायदा होतो पण दोन-चार अशा निघतात की चांगल्या पळत होत्या त्या रांगायला लागतात. आमचा वजन काट्याचा एक रिपोर्ट अर्ध्या मिनिटावरून वीस मिनिटांवर गेला. तर १०० वरच ठेवून क्वेरी स्टोअर (क्वेऱ्या आणि त्यांचे प्लॅन नोंदवून ठेवणारी सोय) चालू करा, एक महिनाअखेर त्यात नोंदली जाऊ द्या, मग १५० करा, जी क्वेरी बिघडेल तिला क्वेरी स्टोअरमधून जुना प्लॅन सक्तीने लावा. आणि हो, ज्या क्वेरीत ऑर्डर बाय नाही तिचा क्रम जुन्यावर योगायोगाने बरोबर येत होता, नव्यावर येईलच असं नाही, छापील याद्या तेवढ्या डोळ्याखालून घाला.

प्रोग्रॅम व्हीबी६ (व्हिज्युअल बेसिक ६) मधला आहे म्हणालात. मग सर्व्हरचं नाव किंवा आयपी कुठेतरी आयएनआय फाइलमध्ये नाहीतर थेट कोडमध्येच असणार. प्रत्येक पीसीवर जाऊन बदलण्यापेक्षा जुना बंद करून त्याचाच आयपी नव्याला द्या. क्लिकॉन्फिग या विंडोजमधल्या टूलने अलायस (सर्व्हरचं टोपणनाव) बनवणार असाल तर व्हीबी६ ३२ बिट असल्यामुळे सिसवॉव६४ फोल्डरमधलाच क्लिकॉन्फिग उघडावा लागतो, दुसऱ्यात कितीही बनवा, उपयोग शून्य. नव्या सर्व्हरवर कोणी सुरक्षेसाठी टीएलएस १.० (जोडणी एन्क्रिप्ट करायची जुनी पद्धत) बंद केलं असेल तर व्हीबी६ चा जुना ड्रायव्हर एसएसएल एरर देऊन बसेल. फायरवॉलमध्ये १४३३ पोर्ट उघडा, नेम्ड इन्स्टन्स असेल तर एसक्यूएल ब्राउझर सर्व्हिसचा यूडीपी १४३४ पण. आणि कोणी पैसे वाचवायला २०१९ ची फुकटची एक्सप्रेस आवृत्ती टाका म्हणालं तर तिची मर्यादा एका डेटाबेसला १० जीबीची आहे आणि त्यात जॉब चालवणारा एजंटही नाही, तुमच्या ६० जीबीला ते कपडे बसायचे नाहीत.

रिस्टोअर झाल्यावरची किरकोळ कामं: मालक एसए करा, पेज व्हेरिफाय चेकसम करा, स्टॅटिस्टिक्स फुलस्कॅनने अपडेट करा (हे विसरलात तर सोमवारी सगळं स्लो आणि शिव्या नव्या सर्व्हरला), मॅक्स मेमरी ठरवून द्या, आणि नव्यावरचा पहिला फुल बॅकअप घरी जायच्या आधी घ्या.

राहता राहिले ते दोन डेटाबेस ज्यांचं काय काम आहे हे ऑफिसात कोणालाच माहीत नाही असं तुम्ही लिहिलंय. तेही न्या, पण नव्यावर ऑफलाइन करून ठेवा आणि गप्प बसा. कोणाचं असेल तो आठवड्याभरात ओरडत येईल. नाहीच कोणी आलं तरी ३१ मार्च होऊन ऑडिटर परत जाईपर्यंत डिलीट करू नका, आमच्याकडचा तसला एक डेटाबेस नेमका वर्षातून एकदा, ताळेबंदालाच लागायचा.