शोमध्ये गाडी दिवसभर उभी, सिस्टिमला लाइट द्यायची कुठून?

प्रश्न: सर, माझ्या मॉडिफाय केलेल्या गाडीत दोन अँप्लिफायर, एक सबवूफर, डिकीत तीन स्क्रीन आणि आतून-खालून मिळून दहा मीटर एलईडी पट्टी आहे. पुढच्या महिन्यात इनडोअर शो आहे, दोन दिवस गाडी हॉलमध्येच, इंजिन चालू करायचं नाही. मागच्या शोला घरचा 6 अँपिअरचा ऑटोमॅटिक चार्जर बॅटरीला लावून ठेवला होता, तरी तास दीड तासात स्क्रीन बंद-चालू व्हायला लागल्या आणि संध्याकाळी गाडी ढकलत बाहेर काढली. एक मित्र म्हणतो मोठा चार्जर घे, दुसरा म्हणतो अजून एक बॅटरी टाक. काय करू?

उत्तर: दोन्ही मित्रांचं जरा बाजूला ठेवा, आधी तुमची गाडी खाते किती ते बघू.

दाट एलईडीची 12 व्होल्टची पट्टी फुल ब्राइटनेसला मीटरमागे साधारण 14 वॅट घेते, म्हणजे मीटरला 1.2 अँपिअर, दहा मीटरचे झाले 12. स्क्रीन एकेक दीड अँपिअर धरा, तिघींचे साडेचार. हेड युनिट (डॅशबोर्डवरचा स्टिरिओ) आणि डिकीतले पंखे मिळून तीन. राहिले अँप्लिफायर, आणि इथेच सगळे गडबडतात कारण त्यावरचा फ्यूज 80-100 चा दिसतो आणि माणूस घाबरतो. गाणं वाजताना सरासरी करंट फ्यूजच्या आकड्यापेक्षा खूपच कमी असतो, हॉलमध्ये लोक शेजारी उभं राहून बोलू शकतील एवढ्या आवाजात दोन्ही मिळून 12-15 अँपिअर. फक्त बेसचा ठोका पडतो त्या क्षणाला तो उडी मारून 60-70 वर जातो. एकूण धरा 35.

आता 35 जातायत आणि 6 येतायत. उरलेले 29 बॅटरीतून. तुमच्या बॅटरीवर 60 अँपिअर-तास लिहिलं असेल तर तो आकडा 20 तासांत हळूहळू, म्हणजे 3 अँपिअरने उतरवली तरचा आहे. 29 ने ओढलं की ती तेवढीही देत नाही, तासाभरात अर्ध्यावर येते आणि पुढे व्होल्टेज पडायला लागतं, म्हणून स्क्रीनची उघडझाप. शिवाय गाडीची स्टार्टिंगची बॅटरी काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायला बनवलेली असते, तिच्या प्लेटा पातळ. अशी चार-पाच वेळा पूर्ण उतरवली की ती बसलीच समजा, वॉरंटीवाले पण हात वर करतात.

मोठा चार्जर का नको, तर ऑटोमॅटिक चार्जर बॅटरीकडे बघून ठरवतो की आता 14.4 व्होल्ट द्यायचे की 13.6 वर उतरायचं. मध्ये तुमचा 35 अँपिअरचा लोड बसला की त्याला वाटतं बॅटरीच एवढं पितेय. मग एकतर तो तासन् तास 14.4 वरच राहतो, नाहीतर त्याचा टायमर संपतो आणि फॉल्ट दाखवून बंद. पहिला प्रकार बंद हॉलमध्ये जास्त वाईट, कारण लेड-अॅसिड बॅटरी भरत आल्यावरही जास्त व्होल्टेजवर ठेवली की हायड्रोजन सोडते, आणि हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. बंद डिकीत, जिथे रिले (करंटने चालणारे स्विच) टकटक करतायत तिथे तर हे नकोच.

तुम्हाला हवाय तो रेग्युलेटेड पॉवर सप्लाय (व्होल्टेज एकसारखं ठेवणारा), 13.8 व्होल्टचा, कंटिन्युअस म्हणजे सतत 50-60 अँपिअर देणारा. कंटिन्युअस हा शब्द बघूनच घ्या, काही सप्लायच्या डब्यावर मोठा आकडा असतो तो काही सेकंदांचा असतो. भिंतीच्या बाजूने हे फार भारी पडत नाही: 13.8 गुणिले 35 म्हणजे 480-490 वॅट, सप्लायमध्ये थोडं वाया जातं ते धरून 570 च्या आसपास. 230 व्होल्टला अडीच अँपिअर, 120 व्होल्टला पाचच्या आत. साधा सॉकेट पुरतो. फक्त एक्स्टेन्शनची रीळ असेल तर वायर पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेल्या रिळीवर दिवसभर लोड ठेवला तर ती आतून तापते, मी वितळलेल्या रिळी बघितल्यात.

आता बॅटरी ठेवायची का, हे तुमच्या हातात नाहीये, शोच्या नियमात आहे. पुष्कळ इनडोअर शोमध्ये बॅटरीच्या वायर काढून ठेवा, टाकीत पाव भागापेक्षा जास्त पेट्रोल नको, झाकण बंद आणि सील केलेलं हवं असं आगीच्या नियमांमुळे लिहिलेलं असतं. फॉर्म भरतानाच विचारा, आणि वेगळी शोची बॅटरी डिकीत चालेल का हे पण स्पष्ट विचारून लेखी घ्या, गेटवरचा माणूस तुमचं तोंडी ऐकणार नाही.

चालत असेल तर सप्लाय आणि बॅटरी एकत्र जोडा. सप्लाय म्हणजे बारीक धारेने सतत चालणारी मोटर आणि बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी, बेसच्या ठोक्याला लागणारा लोंढा टाकीतून जातो आणि मधल्या वेळात ती परत भरते. पण बॅटरी आदल्या रात्रीच फुल चार्ज करून न्या, उतरलेली जोडली तर सप्लायचा अर्धा जोर तिलाच पाजण्यात जाईल. आणि सप्लायचा स्विच बंद असताना बॅटरीचा करंट उलटा त्याच्यात शिरू नये म्हणून मध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) किंवा त्याच कामाचा आयसोलेटर हवा. डायोडमध्ये थोडं व्होल्टेज पडतं, तेवढं सप्लायवरच्या व्होल्टेजच्या स्क्रूने वाढवून घ्या.

बॅटरी चालत नसेल तर सगळा ठोका एकट्या सप्लायवर. तेव्हा कोणीतरी नक्की सांगेल की एक फॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून एकदम देणारा डबा) लाव. लावा, पण आशा ठेवू नका. व्होल्टेज 13.8 वरून 12.8 वर येईपर्यंत तो 13 ज्यूलच्या आसपास देतो, 500 वॅटच्या ठोक्याला हे सेकंदाच्या तीस-चाळिसाव्या भागात संपतं. वर रिकामा कपॅसिटर एकदम जोडला तर सप्लाय त्याला शॉर्ट समजून ट्रिप होतो, रेझिस्टरमधून हळू भरावा लागतो. त्यापेक्षा सबवूफरचा गेन (अँप्लिफायरवरची जोर वाढवायची सेटिंग) कमी करा. हॉलमध्ये शेजारच्या स्टॉलवाल्याचेही आशीर्वाद मिळतील.

वायरिंगमध्ये एकच आग्रह आहे, शोचं सर्किट गाडीच्या मूळ सर्किटपासून वेगळं काढा. बरेच जण सिस्टिम चालू ठेवायला चावी ऑन करून ठेवतात, मग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), डॅशबोर्ड, फ्युएल पंपाचा रिले, सगळं उगाच जागं राहतं आणि खातं. लाइट, स्क्रीन, अँप्लिफायर एका वेगळ्या फ्यूज बॉक्सवर घ्या आणि त्याला सिलेक्टर स्विच द्या, रस्त्यावर गाडीची बॅटरी आणि शोमध्ये बाहेरचा सप्लाय. बंपरखाली जाड करंटचा प्लग-सॉकेट काढून ठेवला तर गाडी हलवायची वेळ आली की एका झटक्यात सुटते. फ्यूज सप्लायच्या टोकालाही हवा आणि बॅटरीच्या अगदी जवळही, कारण वायर कुठे घासून बॉडीला लागली तर करंट दोन्हीकडून येतो.

वायरच्या जाडीत काटकसर नको. सप्लाय गाडीपासून पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. 4 चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये 35 अँपिअरला दीड व्होल्ट वाटेतच जातो, 10 च्या वायरमध्ये जेमतेम 0.6. काही जण सप्लायच डिकीत ठेवतात आणि मेनची वायर आत नेतात. मला ते पटत नाही, एकतर तिथे आधीच अँप्लिफायर तापलेले असतात आणि खाली कार्पेट, दुसरं म्हणजे लोखंडी बॉडीत मेनची लाइट आणि लोक गाडीला हात लावणारच. तरी ठेवायचाच असेल तर अर्थिंग पक्कं आणि लाइनवर 30 मिलिअँपिअरचा लीकेज ब्रेकर (करंट गळला की लाइट तोडणारा), त्याशिवाय प्लग घालूच नका.

हॉलवाले रात्री मेन बंद करतात हे विसरू नका. तुमचे दिवे मग गुपचूप बॅटरीवर चालत राहतात आणि सकाळी पुन्हा ढकलाढकली. 12 व्होल्टच्या आसपास आपोआप तोडणारा लो-व्होल्टेज कटऑफ बसवा, लहानसा डबा असतो.

प्रश्न: गेमिंग कन्सोल आणि लॅपटॉप गाडीतल्या इन्व्हर्टरवर चालवतो. शोमध्येही तसंच ठेवू का?

उत्तर: नको. भिंतीतून मेनची लाइट घ्यायची, 13.8 करायची, आणि इन्व्हर्टरने परत मेनची करायची, प्रत्येक पायरीला उष्णता. कन्सोलचा प्लग सरळ बोर्डात घाला. मग स्पीकरमधून घूं आवाज यायला लागला तर तो अर्थ लूप (दोन ठिकाणांहून अर्थ जोडल्याने होणारा घोळ) आहे, त्यासाठी ऑडिओ लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो तो लावा. प्लगची अर्थची पिन तोडून आवाज घालवणारे हुशार लोक भेटतील, त्यांना गाडीपासून लांब ठेवा.

प्रश्न: आमच्या जागेवर सॉकेटच मिळणार नाही असं कळवलंय. लिथियम बॅटरी नेली तर दिवस निघेल का?

उत्तर: आधी वरचाच नियम, बॅटरी आत चालते का ते विचारा. चालत असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, 12.8 व्होल्टची 100 अँपिअर-तासाची म्हणजे 1280 वॅट-तास, आणि जवळपास सगळं वापरता येतं. पण वरच्या 35 अँपिअरला ती तीन तासही पुरणार नाही. आवाज बंद, फक्त लाइट आणि स्क्रीन, तर पाच-सहा तास. पट्टीला डिमर लावून निम्म्यावर आणा, करंट निम्मा होतो आणि हॉलच्या उजेडात बघणाऱ्याला फरक निम्म्याहून खूप कमी वाटतो, तेवढ्यात आठ तासांच्या पुढे जाल. चार्ज करताना लिथियमचाच चार्जर वापरा आणि ते काम हॉलच्या बाहेर करा.

प्रश्न: एअर सस्पेन्शनचे दोन कॉम्प्रेसर आहेत, ते पण त्याच सप्लायवर टाकू?

उत्तर: अजिबात नाही, एकेक कॉम्प्रेसर 25-30 अँपिअर खातो, दोन्ही सुरू झाले की सप्लाय ट्रिप. आत जाण्याआधी हवेची टाकी भरून घ्या, गाडी हव्या त्या उंचीवर ठेवा आणि कॉम्प्रेसरचा फ्यूज काढून खिशात टाका. रात्रीत गाडी एका बाजूला बसली तर हवा लीक होतेय, साबणाचं पाणी घेऊन आधी फिटिंग तपासा.